धर्मट्टी, एस. एस. : संशोधनकार्य व संदर्भगणनेचा प्रश्न

भारतीय भौतिकीविज्ञ. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन (बाह्य चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांनी ठराविक कंप्रतेच्या रेडिओ तरंगांतील ऊर्जा शोषून घेण्याचा आविष्कार) या विषयाच्या अगदी आरंभीच्या संशोधकांपैकी एक व मुंबई येथील टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च या संस्थेतील या विषयाच्या प्रयोगशाळेचे संस्थापक. एथिल अल्कोहॉलातील हायड्रोजन अणूंच्या तीन निरनिराळ्या रेषा प्रथम वेगळ्या करून दाखविणाऱ्या १९५१ सालच्या निबंधाचे ते एक लेखक होत. रेणवीय वर्णपटविज्ञानाच्या (रेणूंनी शोषलेल्या वा उत्सर्जित केलेल्या तरंगांवरून त्यांच्या संरचनेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राच्या) एका मोठ्या शाखेचा आरंभ या निबंधापासून धरला जातो. असे असूनही महाराष्ट्रातील सुशिक्षित वाचकास धर्मट्टी हे नाव सहसा परिचित नसते. हे का झाले याचा विचार केल्याशिवाय त्यांच्या कार्याची नोंद पुरी होत नाही. कारण संशोधकाचे महत्त्व त्याच्या निबंधांना मिळालेल्या संदर्भनिर्देशांच्या संख्येवरून ठरविण्याची जी पद्धत पुढे रूढ झाली, तिची मर्यादा या उदाहरणात स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी : १९४५ सालाच्या अखेरीस व १९४६ च्या आरंभी अमेरिकेत दोन ठिकाणी स्वतंत्रपणे हा आविष्कार घन व द्रव पदार्थांत दिसून आला. हार्व्हर्ड विद्यापीठात एडवर्ड पर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराफिन मेणात, तर स्टॅनफर्ड विद्यापीठात फेलिक्स ब्लॉख, विल्यम हॅन्सन व मार्टिन पॅकार्ड यांनी पाण्यात तो पाहिला. या कार्याबद्दल ब्लॉख व पर्सेल यांना १९५२ सालचे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी या दोन्ही गटांचे मुख्य लक्ष रसायनशास्त्राकडे नव्हते. अणुकेंद्राचे चुंबकीय परिबल (लहानशा चुंबकाप्रमाणे वागण्याच्या त्याच्या गुणाचे माप) अचूक मोजण्याचे एक उत्तम साधन हाती आले आहे, अशीच भौतिकीविज्ञांची धारणा होती. दिलेल्या चुंबकीय क्षेत्रात एखाद्या अणुकेंद्राची अनुस्पंदन कंप्रता किती, हे मोजले की परिबल कळते, असा हा सरळ हिशोब होता.

हा हिशोब लवकरच बिघडला. १९४९ मध्ये वॉल्टर नाइट यांना तांब्याच्या धातूतील अणुकेंद्राची कंप्रता त्याच्याच लवणातील कंप्रतेहून भिन्न असल्याचे आढळले. १९५० मध्ये ब्लॉख यांच्याच प्रयोगशाळेत वॉरन प्रॉक्टर व एफ. सी. यू हे नायट्रोजनाचे परिबल मोजीत असता अमोनियम नायट्रेटाच्या विद्रावात एका रेषेऐवजी दोन रेषा मिळाल्या. अमोनियम गटातील व नायट्रेट गटातील नायट्रोजन वेगवेगळ्या कंप्रतांना प्रतिसाद देत होते. त्याच वर्षी डब्ल्यू. सी. डिकिन्सन यांनी फ्ल्युओरिनाबाबत असाच अनुभव नोंदविला. अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाह्य चुंबकीय क्षेत्राला किंचित आडोसा करतात व हा आडोसा रासायनिक परिस्थितीनुसार बदलतो, हे याचे कारण. या फरकाला पुढे ‘रासायनिक विस्थापन’ हे नाव मिळाले. अचूक परिबले हवी असणाऱ्या भौतिकीविज्ञांना ही एक अडचणच वाटली आणि ते स्वाभाविक होते. मापनातील हाच दोष रसायनशास्त्राला वरदान ठरेल, हे दाखविण्यास एक निःसंदिग्ध प्रयोग हवा होता.

१९५१ चा निबंध : हा प्रयोग स्टॅनफर्ड येथे जेम्स आर्नल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी केला. हायड्रोजनाच्या बाबतीत रासायनिक विस्थापन फारच अल्प, म्हणजे एकूण क्षेत्राच्या दशलक्षांशाच्या काही पट एवढेच असते. ते दिसावयाचे तर नमुन्याने व्यापलेल्या जागेत चुंबकीय क्षेत्र दशलक्षांशाहूनही कमी फरकाने सर्वत्र सारखे असावे लागते. तसे नसेल, तर निरनिराळ्या भागांतील हायड्रोजन निरनिराळ्या कंप्रतांना प्रतिसाद देतात व सर्व रेषा एकमेकींत मिसळून एकच रुंद फुगवटा दिसतो. विद्युत् चुंबकाच्या ध्रुवपृष्ठांची जडणघडण, त्यांतून जाणाऱ्या प्रवाहाचे स्थैर्य, नमुन्याचे आकारमान व त्याची नेमकी जागा या साऱ्यांवर मेहनत घ्यावी लागली. या तऱ्हेचे काम निबंधात दोन ओळींत आटोपते, पण प्रयोगशाळेत त्यालाच महिने लागतात.

एथिल अल्कोहॉलाच्या रेणूत सहा हायड्रोजन अणू असतात : तीन मिथिल गटात, दोन मिथिलीन गटात व एक हायड्रॉक्सिल गटात. दोलनदर्शकाच्या पडद्यावर तीन उंचवटे दिसले आणि त्यांखालील क्षेत्रफळांचे परस्परप्रमाण तीनास दोनास एक असे आले. म्हणजे रेणूत किती प्रकारचे हायड्रोजन आहेत हे रेषांच्या संख्येवरून, आणि प्रत्येक प्रकारचे किती आहेत हे क्षेत्रफळांवरून, पदार्थाला कोणताही रासायनिक धक्का न लावता वाचता येऊ लागले. एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांनी विक्रियांच्या लांबलचक साखळ्यांवरून अनुमानाने जे संरचनासूत्र ठरविले होते, ते येथे एका वक्ररेषेत उमटले होते. ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’ या नियतकालिकाच्या एकोणिसाव्या खंडात, पृष्ठ ५०७ वर, संपादकांस पत्र या स्वरूपात तो वृत्तांत छापला गेला. एवढ्या अल्प जागेत एवढे सांगणारे निबंध विज्ञानाच्या इतिहासात थोडेच सापडतील, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

त्यानंतरचा विस्तार झपाट्याने झाला. त्याच वर्षी आर्नल्ड व पॅकार्ड यांनी हायड्रॉक्सिल गटाची रेषा तापमानानुसार सरकते हे दाखविले व तीवरून हायड्रोजन बंधांच्या अभ्यासाची वाट खुली झाली. अधिक सूक्ष्म विभेदन (जवळजवळच्या रेषा वेगळ्या करण्याची क्षमता) साधल्यावर मिथिल व मिथिलीन गटांच्या रेषा स्वतःही अनेक उपरेषांत विभागलेल्या दिसल्या. शेजारच्या हायड्रोजनांच्या परस्परक्रियेचा हा परिणाम होता. पॅकार्ड हे व्हेरियन असोशिएट्‌स या उपकरणनिर्मात्या कंपनीत गेले आणि तिची उपकरणे जगभरच्या रासायनिक प्रयोगशाळांत पोहोचली. रिखार्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी १९६६ मध्ये फूर्ये रूपांतराची पद्धत आणली व अर्न्स्ट यांना १९९१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रथिनांच्या संरचना या तंत्राने ठरविल्याबद्दल कुर्ट व्ह्यूट्रिख यांना २००२ मध्ये त्याच पारितोषिकाचा वाटा, तर याच आविष्कारावर आधारलेल्या शरीरांतर्गत प्रतिमादर्शनाबद्दल पॉल लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये वैद्यकाचे पारितोषिक मिळाले. रुग्णालयात ‘एम्‌. आर. आय्‌.’ या नावाने जी तपासणी ओळखली जाते, तिचे मूळ याच आविष्कारात आहे.

धर्मट्टी यांचे स्टॅनफर्ड येथील कार्य या एका निबंधापुरते नव्हते. एच. ई. वीव्हर यांच्या समवेत त्यांनी अनेक मूलद्रव्यांच्या अणुकेंद्रांची चुंबकीय परिबले मोजली व ती ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये १९५१–५२ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. ही मापने पुढे संकलित कोष्टकांत गेली. अशा कोष्टकातून आकडा उचलणारा संशोधक बहुधा कोष्टकाचाच हवाला देतो. मूळ मापकाचे नाव त्याच्या निबंधात येत नाही.

मुंबईतील कार्य : १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच धर्मट्टी भारतात परतले व टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये रुजू झाले. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली ही संस्था त्या वेळी गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. कुलाब्याच्या टोकावरील सध्याच्या वास्तूचे उद्‌घाटन १९६२ मध्ये झाले. समुद्राकाठच्या त्या जुन्या इमारतीत धर्मट्टींनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाची प्रयोगशाळा उभी केली. विषय नवा, परकीय चलन दुर्मीळ आणि तयार उपकरणे महाग, अशा परिस्थितीत वर्णपटमापक येथेच जुळवून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

भारतात हा विषय त्या काळी एकट्या मुंबईतच चालू होता असे मात्र नव्हे. कलकत्त्यास ए. के. साहा व टी. पी. दास यांनी त्याच्या सैद्धांतिक बाजूवर काम केले आणि १९५७ मध्ये त्यांचा अणुकेंद्रीय प्रवर्तनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जी. सूर्यन यांनी १९५१ मध्येच वाहत्या द्रवातील अनुस्पंदनाचा अभ्यास करून संकेताची तीव्रता प्रवाहाच्या वेगावर अवलंबून असते हे दाखविले. रक्तप्रवाह मापण्याच्या पुढील तंत्रांचा हा पूर्वज होय. ज्यांना ही तंत्रे वापरावयाची होती त्यांना त्याची आठवण बरीच उशिरा झाली.

मुंबईच्या प्रयोगशाळेचे वैशिष्ट्य असे, की तिने आपल्याभोवती माणसे तयार केली. सी. आर. काणेकर, गिरजेश गोविल व सी. एल. खेत्रपाल यांच्या सहलेखनात धर्मट्टींचे द्रवांच्या प्रोटॉन अनुस्पंदनावरील निबंध १९६० नंतर ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये आले. खेत्रपाल यांनी पुढे बाझेलच्या पी. डील यांच्यासह द्रव स्फटिकांत दिशाबद्ध झालेल्या रेणूंच्या अनुस्पंदनावर जो प्रबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध केला, तो त्या उपशाखेतील आधारग्रंथ ठरला. गोविल यांनी जैव रेणूंकडे मोर्चा वळविला; १९८० नंतरच्या दशकात याच संस्थेत उच्च चुंबकीय क्षेत्रातील अनुस्पंदनाचे राष्ट्रीय सुविधा केंद्र उभे राहिले. धर्मट्टींच्याच प्रयोगशाळेत घडलेले आर. विजयराघवन धातूंच्या व विरल मृत्तिकांच्या संयुगांकडे वळले. त्यांचा सहभाग असलेल्या गटाने १९९४ मध्ये यिट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या संयुगातील अतिसंवाहकता जाहीर केली व बोरोकार्बाइड अतिसंवाहकांचे एक नवे क्षेत्र खुले झाले. धर्मट्टींच्या कार्याचा हा दूरचा फाटा आहे. या निबंधांतून त्यांचा संदर्भ येण्याचे कारणच नाही.

संदर्भगणना : एखाद्या निबंधाचा निर्देश नंतरच्या किती निबंधांत झाला याची पद्धतशीर नोंद ठेवावी, ही कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात मांडली. फिलाडेल्फिया येथील त्यांच्या संस्थेने १९६३ मध्ये विज्ञानाची पहिली संदर्भसूची प्रसिद्ध केली. गारफील्ड यांचा मूळ हेतू ग्रंथालयीन होता. जुन्या निबंधापासून निघून त्याचा आधार घेणाऱ्या नव्या निबंधांपर्यंत वाचकास पोहोचविणे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. परंतु सूचीत आकडे होते आणि आकडे दिसले की तुलना सुरू होते. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श यांनी सुचविलेल्या ‘एच’ निर्देशांकाने तर संशोधकाची सारी कारकीर्द एकाच पूर्णांकात बसविली. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा निर्देश मिळाले त्याचा निर्देशांक दहा, असा त्याचा अर्थ. या मापाने एखाद्याने एकच निबंध लिहिला व तो दहा हजार ठिकाणी उद्‌धृत झाला, तरी त्याचा निर्देशांक एकच राहतो.

धर्मट्टींच्या बाबतीत गणनेची अडचण तीन बाजूंनी येते. पहिली अगदी यांत्रिक आहे. छापील संदर्भसूचीत उद्‌धृत निबंध केवळ त्याच्या पहिल्या लेखकाच्या नावाखाली नोंदला जाई. १९५१ च्या निबंधावरील नावे इंग्रजी वर्णानुक्रमात येतात, त्यामुळे तो कायम आर्नल्ड यांच्या नावाखाली राहिला. धर्मट्टी हे नाव सूचीत शोधणाऱ्याला आपल्या देशाच्या या संशोधकाचे सर्वांत महत्त्वाचे काम सापडतच नसे. लेखनातही ‘आर्नल्ड व इतर’ असाच उल्लेख होई व त्या ‘इतरां’त तो एक भारतीय लुप्त होई. पुढील काळातील संगणकीय सूच्यांनी सर्व लेखकांची नोंद सुरू केली तेव्हा ही त्रुटी भरून निघाली, पण तोपर्यंत त्या निबंधाला उद्‌धृत करण्याचा काळ बहुतांशी संपला होता.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी दाखवून दिले आहे, की एखादी कल्पना शास्त्रात पूर्णपणे मुरली की तिच्या कर्त्याचे नाव गळून पडते. तिचा उल्लेख करताना कोणी मूळ निबंध देत नाही, कारण ती सर्वांचीच झालेली असते. रासायनिक विस्थापनाचा वापर करणारा प्रत्येक रसायनशास्त्रज्ञ जर १९५१ च्या निबंधाचा हवाला देऊ लागला, तर रसायनशास्त्राच्या नियतकालिकांना दुसरे काही छापता येणार नाही. तात्पर्य, निर्देश कमी होणे हे येथे प्रभाव ओसरल्याचे लक्षण नसून तो सर्वव्यापी झाल्याचे लक्षण आहे. भूमसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात विज्ञानाच्या पदवीवर्गाचा विद्यार्थी एथिल अल्कोहॉलाचा वर्णपट वहीत काढतो, त्या चित्राखाली कोणाचेच नाव नसते. त्याच्या शिक्षकालाही त्या तिघांपैकी एकाने पुढे आयुष्यभराचे काम मुंबईत केले हे बहुधा कोणी सांगितलेले नसते.

येथे आर. के. असुंडी यांच्याशी तुलना उद्‌बोधक ठरेल. लंडनच्या किंग्ज कॉलेजात काम करीत असता असुंडींनी १९२९ मध्ये कार्बन मोनॉक्साइडाच्या लाल व अवरक्त भागातील वर्णपट्टांची एक नवी मालिका वर्णिली. तिला ‘असुंडी पट्ट’ म्हणतात. ते नंतर अलीगढ व बनारस येथे अध्यापक होते व पुढे तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेच्या वर्णपटविज्ञान विभागाशी निगडित झाले. त्यांच्याही मूळ निबंधाचा हवाला आता थोडेच देतात, पण पट्टांच्या नावात ते टिकून आहेत. रामन यांचे नाव तर परिणामाच्याच नावात आले [⟶ रामन परिणाम]. नाव चिकटणे वा न चिकटणे हा बराचसा योगायोग असतो. वर्णपट्टांची मालिका ही बोट दाखवता येण्याजोगी वस्तू आहे, तर धर्मट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिली ती वाचण्याची एक रीत होती, आणि रीतीला नाव देण्याचा प्रघात भौतिकीत फारसा नाही.

तिसरी बाजू प्रयोगशाळा उभारण्याची. चुंबक बसविणे, इलेक्ट्रॉनीय मंडले जुळविणे, विद्यार्थ्यांस एखाद्या विषयाची गोडी लावणे यांना निर्देश मिळत नाहीत. विद्यार्थ्यांच्या निबंधांना मिळतात आणि ते विद्यार्थ्यांच्या खात्यावर जमा होतात. ते योग्यही आहे. प्रश्न फक्त इतकाच, की दुसऱ्या कोणत्याही खात्यात त्याची नोंद होत नाही.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीत अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी जोडल्या आणि निबंध ज्या नियतकालिकात आला त्याच्या प्रभावांकानुसार वाढीव गुण दिले. संयुक्त निबंधाचे साठ टक्के गुण पहिला लेखक व मार्गदर्शक यांच्यात समान आणि उरलेले चाळीस टक्के बाकीच्या लेखकांत समान, अशी वाटणी त्यात होती. हा नियम तीन लेखकांच्या निबंधाला लावला व तिसऱ्याला मार्गदर्शक मानले, तर पहिल्यास तीस, तिसऱ्यास तीस आणि मधल्याला चाळीस गुण पडतात! १९५१ च्या निबंधाबाबत धर्मट्टींचा त्यात फायदाच झाला असता. पण सूत्र वास्तवाला किती सोडून चालते हे त्यावरून दिसते. २०१८ च्या नियमावलीत या पद्धतीत बदल झाले. जगभरातही नियतकालिकाच्या प्रभावांकावरून माणसाचे मोल ठरवू नये असे सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या बैठकीतून पुढे आला व अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आकडे मात्र गेलेले नाहीत. ते निव्वळ टाकाऊ आहेत असेही म्हणता येणार नाही, कारण ओळखीपाळखीने होणाऱ्या निवडीपेक्षा खुला आकडा बरा, असे लहान गावातील अध्यापकास वाटणे समजण्यासारखे आहे. कोणत्या कामाला निर्देश मिळण्याची मुळात शक्यता आहे व कोणत्या कामाला नाही, हे मूल्यमापकाने आधी पाहावयास हवे.

नव्याने तयार केलेल्या सेंद्रिय संयुगाची संरचना सिद्ध करताना अनुस्पंदन वर्णपट देणे आता सक्तीसारखेच झाले आहे. ज्या महाविद्यालयांजवळ असे उपकरण नसते, तेथील संशोधक आपले नमुने लहानशा कुप्यांत भरून मोठ्या शहरांतील मध्यवर्ती उपकरण केंद्रांकडे पाठवितात व काही दिवसांनी वर्णपट परत येतो. त्यावरील उंचवट्यांची क्षेत्रफळे मोजून हायड्रोजनांची संख्या ठरविली जाते. स्टॅनफर्ड येथे त्या तिघांनी एथिल अल्कोहॉलावर वापरलेली रीत तीच होती.